आधी मासा, मग काच : घरच्या फिशटँकविषयी वाचकांचे प्रश्न

घरी मासे पाळण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची सुरुवात "टँक घेऊन झाला आहे, आता त्यात कोणते मासे सोडावेत?" अशी आहे. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. कोणता मासा पाळायचा हे आधी ठरवावे, तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो हे विचारावे आणि मगच काचेचे माप सांगावे. दुकानात पिशवीत बांधून मिळतो तो मासा बहुतेक वेळा पिल्लू असतो आणि पिल्लाच्या मापाने घेतलेले घर त्याला वर्षभरही पुरत नाही. या अंकासाठी निवडलेली पत्रे वेगवेगळ्या गावांची असली, तरी त्यांतील अडचणींचे मूळ बहुतांशी इथेच आहे.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला काचेचा गोल बाऊल आणि दोन गोल्डफिश भेट मिळाले. आम्ही दर दोन दिवसांनी सगळे पाणी बदलतो, बाऊल साबण न लावता स्वच्छ घासतो आणि खाणेही मोजूनच देतो. तरीही सहा महिन्यांत ही तिसरी जोडी दगावली. मुलगी आता "मला मासेच नकोत" म्हणते. आमचे काय चुकते आहे? (एक आई, ठाणे)

उत्तर : दोष आपल्या निगराणीत शोधू नये, तो भांड्याच्या मापात आहे. अशा बाऊलमध्ये जेमतेम पाच-सहा लिटर पाणी मावते. गोल्डफिश हा कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा दूरचा नातलग आहे. लांबट अंगाचा, एकेरी शेपटीचा साधा गोल्डफिश नीट वाढला तर २५ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि गोलमटोल, दुहेरी शेपटीचे प्रकार १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. चांगल्या पाण्यात हा मासा १० ते १५ वर्षे सहज जगतो. "मासा भांड्याएवढाच वाढतो" असे दुकानात हमखास ऐकायला मिळते, पण त्यात अर्धेच सत्य आहे. लहान भांड्यातल्या घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते खरी. मात्र खुंटलेला मासा निरोगी नसतो आणि फार काळ टिकतही नाही.

आता पाण्यात नेमके काय घडते ते पाहू. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजूनही अमोनियाच तयार होतो. त्याचे अगदी थोडे प्रमाणही कल्ले जाळते. जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर जिवाणूंचा एक पातळ थर वाढलेला असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच असते. दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते मासा बऱ्याच प्रमाणात सोसू शकतो. हा थर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाला विरजण लागावे तसाच हा प्रकार आहे, आणि आपण दर दोन दिवसांनी बाऊल घासून ते विरजण धुऊन टाकत होतात. त्यात भर म्हणजे, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा आणि बदललेल्या तापमानाचा धक्का त्या माशांना आठवड्यातून तीन वेळा बसत होता.

मी पहिला टँक घरी आणला त्या संध्याकाळीच त्यात बारा मासे सोडले होते. आठव्या दिवशी त्यांतले तीन उरले. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते, म्हणून मला कारण कळेना. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा कोणी सांगितली नव्हती.

मुलीसाठी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच असा साधा आयताकृती टँक घ्यावा. त्यात हिशेबाने ५७ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास उरते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. कोणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणून आपल्या फिल्टरला लावावा. त्यामुळे चार-सहा आठवड्यांचे काम बरेच लवकर होते. मगच सहा ते आठ नर गप्पी घ्यावेत, तेही एकदम नव्हे. आधी तीन आणि दोन आठवड्यांनी उरलेले. नरच का, तर गप्पीची मादी साधारण दर महिन्याला पिल्ले देते आणि एकदा संग झाला की पुढे काही महिने नराशिवायही देत राहते, त्यामुळे दिवाळीला आणलेले सहा मासे होळीपर्यंत मोजता येत नाहीत. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडे ठेवावे किंवा त्यात क्लोरीन घालवणारे थेंब घालावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळावा.

एकच मासा पाळायचा असेल तर फायटर घ्यावा. तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून दुकानात त्याला पेल्यात ठेवतात. पण पेल्यात तग धरणे वेगळे आणि मजेत जगणे वेगळे. त्याला किमान २० लिटर पाणी, वर झाकण आणि दोन-चार रुंद पानांची झाडे द्यावीत. तो पानावर टेकून विसावतो आणि खाण्याची डबी हातात दिसताच काचेशी येतो. सात वर्षांच्या मुलीला एवढी ओळख पुष्कळ आहे.

प्रश्न : पुण्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यासाठी दुकानदाराने अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि तीन फूट उंच टँक सुचवला आहे; जागा कमी लागते आणि तो दिसतोही भारदस्त. "एक इंच माशाला एक गॅलन पाणी" हा नियम धरून त्यात एक ऑस्कर, चार एंजल आणि पंधरा निऑन टेट्रा ठेवावेत असा विचार आहे. स्लॅबवर भार येईल का, हीही शंका आहे. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पत्र टँक घेण्याआधी आले, याचा आनंद वाटला. सुचवलेल्या टँकचे घनफळ साडेसात घनफूट, म्हणजे सुमारे २१२ लिटर होते. आता चार फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकचा हिशेब करा. घनफळ पुन्हा साडेसात घनफूटच येते. फरक असा की पहिल्या टँकमध्ये पाण्याचा हवेला भिडणारा पृष्ठभाग अडीच चौरस फूट आहे आणि दुसऱ्यात पाच. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो प्रामुख्याने या पृष्ठभागावरून, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात दुसरा टँक अधिक मासे सुखाने सांभाळतो. शिवाय बहुतेक मासे आडवे पोहतात. तीन फूट उंचीचा त्यांना फारसा उपयोग नसतो आणि अडीच फूट लांबीत टेट्रांचा थवा दोन शेपट्या मारताच समोरच्या काचेशी पोहोचतो.

काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. दीड फूट उंचीला १० मिलिमीटर जाडीची काच निश्चिंत करते. तीन फूट उंचीसाठी त्याहून बरीच जाड आणि महाग काच लागते. आणखी एक गोष्ट दुकानात सुचत नाही, पण घरी आल्यावर रोज जाणवते. तीन फूट खोल पाण्यात तळाशी पडलेले सुकलेले पान उचलायचे, तर स्टुलावर चढून खांद्यापर्यंत हात घालावा लागतो आणि तरीही बोटे खडीला टेकत नाहीत. जे साफ करायला अवघड, ते हळूहळू साफ होणे बंद होते.

भाराचा विचार करायलाच हवा. दोन इंच रिकामे ठेवले तरी चार फुटी टँकमधले पाणी १८० किलोच्या घरात जाते. काच, खडी आणि स्टँड धरून एकूण वजन ३०० किलोच्या आसपास होते. म्हणजे चार-पाच प्रौढ माणसे पाच चौरस फुटांत रात्रंदिवस उभी राहिल्यासारखे आहे. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा स्लॅब वापराच्या भारासाठी साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो धरून आखतात. हा आकडा संपूर्ण खोलीभर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे एवढ्या टँकने स्लॅब लगेच धोक्यात येतो असे नाही, परंतु तो खोलीच्या मधोमध कधीही ठेवू नये. बीमला लागून, भिंतीशी समांतर अशी जागा निवडावी आणि इमारत जुनी किंवा गळकी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्टँड समतल असावा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घालावी, म्हणजे वाळूचा एखादा कण राहिला तरी तिथून तळकाच तडकत नाही.

माशांची निवड मात्र मला पूर्ण बदलावीशी वाटते. ऑस्कर ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. निऑन तर तो पहिल्याच रात्री संपवेल, आणि पूर्ण वाढलेला ऑस्कर सव्वा फूट म्हणजे ३८ सेंटिमीटर रुंदीत वळतानाही अडखळेल. एंजल आणि निऑन यांची जोडी दुकानाच्या टँकमध्ये छान दिसते, कारण तिथे एंजल रुपयाएवढे असतात. तळहाताएवढा एंजल चार सेंटिमीटरच्या निऑनकडे खाद्य म्हणूनच पाहतो.

इथे त्या प्रसिद्ध नियमाविषयी लिहायला हवे, कारण आपल्या पत्रातही तो आहे. "एक इंच माशाला एक गॅलन पाणी" या नियमाने दहा इंचांचा एक ऑस्कर आणि एकेक इंचाचे दहा टेट्रा सारखेच ठरतात. परंतु लांबी दहापट झाली की रुंदी आणि जाडीही साधारण दहापट होते आणि वजन हजारपटीच्या आसपास जाते. म्हणजे तो एक ऑस्कर त्या दहा टेट्रांच्या एकत्रित वजनाच्या जवळजवळ शंभरपट भरतो. तो खातोही त्या मानाने आणि पाणी खराबही त्या मानानेच करतो. पाच सेंटिमीटरच्या आतल्या सडपातळ माशांना हा नियम ढोबळमानाने चालतो. त्यापलीकडे तो वापरू नये.

चार फुटी टँकसाठी माझ्या मनात दोन मांडण्या येतात. पहिलीत पंधरा ते वीस निऑन, तळाशी बारीक वाळूवर आठ कोरिडोरास आणि वरच्या थरात ड्वार्फ गुरामीची एक जोडी ठेवावी. निऑन आणि कोरिडोरास हे थव्याने राहणारे मासे आहेत. दोन-दोन आणले तर ते घाबरून झाडामागे बसतात आणि त्यांचा रंगही फिका पडतो. दुसऱ्या मांडणीत चार-पाच एंजल लहानपणापासून एकत्र वाढवावेत आणि सोबत अंगाने मोठे टेट्रा द्यावेत. टायगर बार्ब मात्र एंजलबरोबर ठेवू नयेत, ते त्यांच्या लांब परांचे तुकडे तोडतात. दोन्ही मांडण्या एकाच टँकमध्ये बसवण्याचा मोह टाळावा. मला स्वतःला पहिली अधिक आवडते. संध्याकाळी दिवा लागल्यावर वीस निऑन एकदम वळतात, तेव्हा ती निळी रेघ संपूर्ण चार फूट सरकत जाते.

प्रश्न : वास्तुशास्त्राच्या सल्ल्यानुसार घरात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवायचे आहेत. दोन फुटी टँक चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : श्रद्धेचा भाग आपल्या घरचा आहे, त्याचा मी आदर करते. माशांच्या बाजूने पाहता दोन फुटी टँक मुळीच चालणार नाही. गोलमटोल गोल्डफिश धरले तरी प्रत्येकी ४० लिटरप्रमाणे नऊ माशांना ३६० लिटर पाणी लागते. म्हणजे टँक पाच फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच असावा आणि फिल्टरही तेवढाच दमदार हवा. ही तयारी असेल तर गोल्डफिश जरूर पाळावेत. मात्र त्यांच्यासोबत दुसरे काही ठेवू नये, कारण त्यांना १८ ते २४ अंशांचे थंड पाणी मानवते आणि टेट्रा-गुरामींना त्याहून उबदार.

तेवढी जागा नसेल तर माझी एक सूचना विचारात घ्यावी. आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळी प्लॅटी असे नऊ मासे अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँकमध्ये उत्तम राहतात. संख्या आणि रंग दोन्ही जुळतात. मात्र नवाचे नव्वद होऊ द्यायचे नसतील तर सगळे नरच घ्यावेत. नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा बारीक असतो, मादीचा पंख्यासारखा पसरट. दुकानात पिशवी उजेडासमोर धरून नीट पाहिले की फरक ओळखू येतो. पिशवी बांधण्याआधी प्रत्येक मासा असा तपासून घेण्यात संकोच करू नये.

प्रश्न : आमच्याकडे फक्त बोअरचे पाणी आहे. भांड्यांवर पांढरे डाग पडतात एवढे ते जड आहे. निऑन टेट्रा तीनदा आणले, एकदाही पंधरा दिवसांवर टिकले नाहीत. (एक शिक्षक, लातूर)

उत्तर : निऑन हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मासे आहेत. तिथले पाणी अतिशय मऊ, किंचित आम्लधर्मी आणि पडलेल्या पानांमुळे चहाच्या रंगाचे असते. आपले बोअरचे पाणी याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. आरओचे पाणी आणून मिसळता येते, परंतु दर आठवड्याला तेच प्रमाण अचूक राखावे लागते आणि ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते, तिथे असा सल्ला देणे मला पटत नाही.

त्याऐवजी जड पाणी ज्यांना आवडते असे मासे पाळावेत. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि गप्पी हे चारही त्या पाण्यात खुलतात. मॉली तर मऊ पाण्यात आजारी पडते. अडीच फुटी टँकमध्ये दोन नर आणि पाच माद्या या प्रमाणात मॉली घ्याव्यात. माद्या जास्त असल्या की नराचा ससेमिरा एकाच मादीमागे लागत नाही. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी नुसते वरून भरत राहू नये, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच साठत जातात. दर आठवड्याला थोडे पाणी काढून टाकूनच नवे भरावे.

प्रश्न : दोन फुटी टँकमध्ये गुरामी, बार्ब, गोल्डफिश असे मिळून अठरा मासे आहेत. हिवाळाभर सगळे ठीक होते. एप्रिलपासून रोज पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडमिट करताना दिसतात. दुपारी भारनियमनात तर हवेचा पंपही बंद पडतो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पहाटे पृष्ठभागाशी रांगेने उभे राहून तोंड उघडमिट करणारे मासे प्राणवायूसाठी धडपडत असतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम राहू शकतो, तर ३० अंशांवर साडेसात, आणि आपल्याकडे मे महिन्यात टँकचे पाणी त्याच्याही वर जाते. त्याच वेळी गरमीमुळे माशाच्या शरीराची गती वाढते आणि त्याला अधिक प्राणवायू लागतो. टँकमध्ये झाडे असतील तर तीही रात्री प्राणवायूच वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत कठीण. हिवाळ्यात जेमतेम भागणारी गर्दी उन्हाळ्यात भागत नाही, एवढाच याचा अर्थ.

आजच करण्यासारखे उपाय असे. गोल्डफिश थंड पाण्याचे आहेत, ते मोठा टँक असलेल्या ओळखीच्या माणसाला द्यावेत आणि उरलेल्यांतूनही काही कमी करून संख्या आठ-नऊवर आणावी. टँकचे झाकण काढून जाळी बसवावी आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावावा. नागपूरकरांना कूलर कसा गार करतो हे सांगायला नको. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. खाणे निम्म्यावर आणावे आणि ते सकाळच्या गारव्यात द्यावे. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप दुकानात मिळतो, तो एप्रिलच्या आधीच आणून ठेवावा. बंद डब्यात बसवलेला फिल्टर असेल तर तीन-चार तासांच्या भारनियमनानंतर तो सुरू करण्यापूर्वी आतले पाणी फेकून द्यावे. त्यात जिवाणू गुदमरून मरतात आणि ते साचलेले पाणी एकदम टँकमध्ये येणे वाईट.

पुढच्या वेळी मासे घेताना गुरामींना प्राधान्य द्यावे. फायटरप्रमाणे त्याही पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतात. गुरामी मधूनच वर येऊन एक घोट घेऊन खाली गेली तर घाबरण्याचे कारण नाही. बार्ब मात्र तसे करू लागले की लगेच पाणी हलते करावे.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी दोन-दोन इंचांचे दोन "शार्क" आणि काच साफ करणारा एक सकर घेतला होता. शार्क आता फूटभर लांब आहेत. दचकले की काचेवर आदळतात, एकाचे नाक सोलले आहे. तीन फुटी टँक अपुरा पडतो. खाडीत किंवा तलावात सोडले तर जगतील का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कृपया सोडू नका. दुकानात शार्क म्हणून मिळणारा हा मासा शार्क नसून पंगास आहे. थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या देशांतून वाहणाऱ्या मेकाँगसारख्या महानद्यांतला हा मासा एक मीटरहून लांब होतो, आणि आपल्याकडे जलाशयांतल्या पिंजऱ्यांत तो खाण्यासाठी वाढवला जातो. तो भित्रा आणि थव्याने राहणारा आहे. नाक सोलणे हे जागा अपुरी असल्याचेच लक्षण आहे आणि चार काय, सहा फुटी टँकनेही त्याचे कायमचे भागणार नाही. कोणत्याही घरात तो ठेवावा असे मला वाटत नाही, मग दुकानदार कितीही स्वस्तात देवो.

सकरविषयी तर अधिकच काळजी वाटते. अंगठ्याएवढा आणलेला हा दक्षिण अमेरिकेचा मासा ४० सेंटिमीटरपर्यंत जातो, मोठेपणी शेवाळ कमी आणि इतर अन्न जास्त खातो, आणि लोकांनी सोडून दिल्यामुळे आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत त्याने बस्तान बसवले आहे. त्याचे अंग हाडांच्या कडक तकटांनी झाकलेले असल्यामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात आणि काठांत बिळे करून तो बांधही पोखरतो. गोड्या पाण्यातले हे मासे खाऱ्या खाडीत सोडले तर तडफडून मरतील. तलावात सोडले तर कदाचित जगतील, आणि त्याचा त्रास तिथल्या मूळच्या माशांना होईल.

आधी दुकानात परत घेण्याविषयी विचारावे. काही दुकाने मोठे मासे घेतात, पैसे मिळण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. ते न जमल्यास पंगास पाळणाऱ्या एखाद्या मत्स्यशेतकऱ्याला द्यावेत. तिथे त्यांचा शेवट काय होईल हे आपणही जाणता आणि हे लिहिताना मलाही बरे वाटत नाही. तरी तीन फुटी काचेवर रोज नाक आपटत जगण्यापेक्षा आणि तलाव बिघडवण्यापेक्षा तो मार्ग मला स्वीकारार्ह वाटतो. तोपर्यंत टँकच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावावा आणि खोलीतला दिवा एकदम लावू-मालवू नये, म्हणजे ते कमी दचकतील. काचेवरच्या शेवाळासाठी पुढे कोणताही मासा आणू नये. दिव्याचे तास आठवर आणावेत आणि उरलेले शेवाळ स्पंजने पुसावे.

प्रश्न : परदेशी माशांऐवजी आपल्याकडचेच मासे पाळायचे आहेत. घराजवळच्या ओढ्यातून पकडून आणले तर चालतील का? (एक विद्यार्थी, सावंतवाडी)

उत्तर : आपल्या भागातल्या ओढ्यांत सह्याद्रीबाहेर कुठेच न सापडणारे मासे असू शकतात आणि पाहिल्याबरोबर ते ओळखणे कठीण असते, म्हणून पकडून आणू नयेत, अभयारण्याच्या हद्दीत तर ते बेकायदा आहे. "मिस केरळ" या नावाने विकला जाणारा लाल-काळ्या पट्ट्याचा देखणा बार्ब केरळ आणि कर्नाटकातल्या नद्यांतला आहे. टँकच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे तो आज संकटग्रस्त मानला जातो. घ्यायचाच असेल तर पैदास केंद्रातला आहे याची खात्री करून सहा तरी घ्यावेत, आणि त्यांच्यासाठी चार फुटी टँक, वाहते व गार पाणी हवे.

सुरुवात करण्यासाठी हनी गुरामी आणि झेब्रा डॅनिओ हे दोन मासे मी सुचवेन. दोन्ही मूळचे भारतीय उपखंडातले आहेत, शेतांवर पैदास होऊन दुकानात सहज मिळतात आणि आपल्या हवामानाला सरावलेले आहेत. दोन फुटी टँकमध्ये हनी गुरामीची एक जोडी आणि थोडी तरंगती झाडे एवढेच ठेवावे. नर त्या झाडांखाली बुडबुड्यांचे घरटे करतो आणि दिवसभर ते डागडुजी करत राहतो. झेब्रा डॅनिओ मात्र फसवा आहे. अंगाने तो जेमतेम चार-पाच सेंटिमीटर असतो, पण क्षणभर थांबत नाही. दोन फुटांत तो एकमेकांच्या मागे लागून दमवतो, तीन फुटांत तोच थवा शांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. आठ डॅनिओंसाठी टँकची उंची एक फूटच ठेवली तरी चालेल, लांबी तीन फूट घ्यावी आणि वर जाळी लावावी, कारण ते उडी मारतात.